स्लॅब टाकायच्या आधी विचारलंत ते बरं झालं

या वेळी घरातल्या एमसीबी आणि गिझरचे प्रश्न बाजूला ठेवलेत, कारण बांधकाम चालू असलेल्या लोकांची पत्रं खूप आलीत आणि त्यातल्या बऱ्याच जणांना उत्तर लवकर हवंय. दुकानं, ऑफिसं, गोडाऊन, सगळं कमर्शियल. घराच्या वायरिंगचा अंदाज इथे लावू नका.

प्रश्न : सर नमस्कार. सांगलीत आमच्या जागेवर तळमजला अधिक तीन असं कमर्शियल बांधतोय. खाली १० दुकानं, वर १२ ऑफिसं, एक लिफ्ट. फाउंडेशन झालंय, प्लिंथ पुढच्या महिन्यात भरायचीये. आर्किटेक्टने मीटर रूम जिन्याखाली दाखवलीये. इलेक्ट्रिशियन म्हणतो रस्त्यावरून ३०० ची (म्हणजे ३०० स्क्वेअर एमएमची) एक केबल आणू आणि बाकीचं नंतर बघू. लोड किती धरायचा आणि आत्ताच काय काय ठरवून टाकायला पाहिजे?

उत्तर : "बाकीचं नंतर बघू" यातलं बाकीचं म्हणजे नक्की काय ते आधी त्याच्याकडून लिहून घ्या. केबल नंतर बदलता येते, पॅनल बदलता येतं, पण प्लिंथखालून जाणारा पाईप, मीटर रूमची जागा आणि वर जाणारी शाफ्ट (केबल मजल्यांवर नेणारी उभी पोकळी) या तीन गोष्टी काँक्रीट झाल्यावर बदलत नाहीत. तुमच्याकडे महिना आहे, तो या तिघांवर घालवा.

आधी लोड. दुकानाला ६ किलोवॅट धरा, एक-दीड टनाचा एसी, लाईट, काचेच्या मागचे शो-लाईट, एखादा फ्रिज, म्हणजे १० दुकानांचे ६०. ऑफिसला १० किलोवॅट, १२ ऑफिसांचे १२०. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिना-पार्किंगचे लाईट मिळून २०. झाले २००. हे सगळं एकाच वेळी चालत नाही, म्हणून ०.७ ने गुणा, १४० किलोवॅट. आता यात एक गोष्ट कोणी धरत नाही ती म्हणजे पार्किंगमधलं ईव्ही चार्जिंग, ७.४ किलोवॅटचे चार पॉइंट म्हटले तर ३० किलोवॅट, आणि त्याला ०.७ ने गुणू नका, कारण सकाळी दहाला आलेल्या चारही गाड्या एकदमच लागणार. म्हणजे १७०. पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला खरा कामाला येणारा हिस्सा) ०.९ आणि ४१५ व्होल्ट धरले तर करंट येतो २६३ अँपिअर, पुढे कोणी दोन ऑफिसं जोडून क्लिनिक काढलं तर म्हणून २० टक्के वर ठेवा, ३१५ च्या आसपास. इनकमरला, म्हणजे पॅनलच्या मुख्य स्विचला, ४०० अँपिअरचा एमसीसीबी (एमसीबीचाच मोठा भाऊ).

आता तुमच्या इलेक्ट्रिशियनची ३०० ची केबल. कॅटलॉगमध्ये बघितली तर चालेल असं वाटेल. पण तो आकडा ठराविक तापमानाचा, ठराविक मातीचा आणि एकट्या केबलचा असतो. पाईपातून नेली, शेजारी दुसरी गरम केबल असली, उन्हाळ्यात जमीन तापलेली असली की तो १५-२० टक्के सहज खाली येतो आणि मग तुम्ही काठावर. त्यात ३०० ची आर्मर्ड (लोखंडी कवचाची) केबल ६० मिलिमीटरच्या आसपास जाड असते आणि तिला वळवायचं तर जाडीच्या १२ पट त्रिज्या लागते, म्हणजे ७२० मिमी, सव्वादोन फुटांच्या वर. पॅनलखाली तेवढी जागा नसते, मग लोक तिला जबरदस्तीने वाकवतात आणि आतलं इन्सुलेशन दबतं. मी १८५ च्या दोन केबल समांतर टाकायला सांगीन, दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच लांबीच्या, एकाच मार्गाने नेलेल्या, नाहीतर करंट सारखा वाटला जात नाही. ॲल्युमिनियम, एक्सएलपीई (उष्णता जास्त सोसणाऱ्या इन्सुलेशनची), आर्मर्ड, आणि साडेतीन कोअर नको, चार कोअर घ्या, का ते खाली बाणेरच्या पत्रात सांगितलंय.

हे इथपर्यंतचं गणित आता करायचंय, पण त्याआधी महावितरणकडे जा. एवढा लोड म्हटल्यावर ते जवळच्या ट्रान्सफॉर्मरवर जागा आहे का बघतात, नसली तर नवीन ट्रान्सफॉर्मरसाठी तुमच्याच आवारात जागा मागू शकतात, आणि ती तुम्ही आधी ठेवली नसली की मग पुढच्या दोन पार्किंग जातात आणि बुकिंगवाल्यांशी भांडण सुरू होतं. सप्लाय कुठल्या बाजूने येणार तेही तिथेच कळेल, केबलचा मार्ग त्यावर ठरतो. लायसन्सवाला काँट्रॅक्टर बरोबर न्या, अर्ज आणि टेस्ट रिपोर्ट शेवटी त्याच्याच सहीने जातात.

मीटर रूम जिन्याखाली नको. आग लागली तर माणसं जिन्याने उतरणार, आणि आग लागायची शक्यता ज्या खोलीत जास्त ती बरोबर त्याखाली. शिवाय जिन्याखाली उतार असतो, पुढची भिंत आणि पॅनल यात जागा राहत नाही. नियम असा आहे की पॅनलच्या पुढे किमान एक मीटर मोकळं पाहिजे, आणि मागे एकतर २० सेंटीमीटरपेक्षा कमी नाहीतर ७५ सेंटीमीटरपेक्षा जास्त. मधलं काही चालत नाही. हे ऐकून लोक हसतात पण त्यामागे सरळ विचार आहे, मागे माणूस शिरूच नये इतकं कमी ठेवा, नाहीतर शिरून नीट काम करता येईल इतकं ठेवा. अर्धवट जागेत अंग घालून काम करणारा माणूसच शॉक खातो. दरवाजा बाहेर उघडणारा, वर टॉयलेट किंवा टाकी नाही, हवा खेळती.

आणि तुम्ही सांगलीचे आहात. २०१९ ला आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, २०२१ ला परत आली. तुमच्या प्लॉटवर तेव्हा पाणी कुठवर होतं ते शेजारच्यांना माहीत असेल, भिंतीवर खूण दाखवतील. मीटर रूमची फरशी आणि पॅनलचा तळ त्या खुणेच्या वर घ्या, आर्किटेक्ट कटकट करेल, तळमजल्याचं एक दुकान कमी होईल असं म्हणेल, तरी घ्या. तळमजल्यावर शक्यच नसेल तर पहिल्या मजल्यावर नेता येईल का ते महावितरणच्या अभियंत्याशी बोला, त्यांना रीडिंगला आणि बंद करायला सोयीची जागा लागते म्हणून आधी विचारायचं. बेसमेंट तर नावच काढू नका.

पुराच्या गावात अजून एक गोष्ट असते जी कोणाच्या लक्षात येत नाही. दरवाजातून पाणी आत आलं नाही तरी ते पाईपातून येतं. रस्त्याकडच्या चेंबरमध्ये पाणी भरलं की तोच पाईप नळ होऊन खोलीत पाणी सोडतो. म्हणून पाईपाला उतार बाहेरच्या बाजूला द्यायचा, आणि केबल टाकल्यावर दोन्ही टोकं, रिकाम्या पाईपांचीसुद्धा, नीट सील करायची. गोणपाट कोंबून वर सिमेंट लावणं म्हणजे सील नव्हे, पुढच्या वेळी केबल काढताना तेच सिमेंट छिन्नीने फोडावं लागतं.

प्लिंथखालून डीडब्ल्यूसी (दुहेरी भिंतीचा, बाहेरून नागमोडी प्लास्टिकचा) पाईप टाका, १२०/१०३ चा, म्हणजे आतून १०३ मिमी. आतला व्यास केबलच्या जाडीच्या साधारण १.६ पट पाहिजे असं धरा. चार पाईप टाका. दोन केबलचे, एक ईव्ही किंवा पुढच्या वाढीसाठी, एक पूर्ण रिकामा. एका पाईपात एकच केबल. रिकाम्या पाईपात नायलॉनची दोरी ओढून ठेवायची, आठ वर्षांनी तुम्हाला आठवेल कोणी टाकली होती. इंटरनेटच्या फायबरला वेगळा छोटा पाईप, पॉवरपासून लांब. आवारात जमिनीतून जाताना लो-टेन्शन केबल किमान ७५० मिमी खोल, जिथे गाड्या जाणार तिथे १ मीटर, खाली-वर वाळू, वर विटा किंवा टाइल्स आणि त्यावर वॉर्निंग टेप. खड्डा बुजवायच्या आधी फोटो काढा, आणि फोटोत मेजरिंग टेप दिसू दे.

वर जाणारी शाफ्ट हा शेवटचा मुद्दा पण पैशाच्या हिशेबात तोच मोठा. मीटर खाली असले की १२ ऑफिसांच्या १२ केबल, लिफ्टची, पंपाची, टेरेसवरच्या सोलरची, जनरेटरची, सगळ्या एकाच रस्त्याने वर जातात. आर्किटेक्ट प्लॅनमध्ये प्लंबिंगच्याच शाफ्टमध्ये एक रेघ मारून "इलेक्ट्रिकल" लिहितो. ते नको. पॉवर केबलच्या डक्टमध्ये पाण्याची, गॅसची, कुठलीही दुसरी पाईपलाईन घालायची नाही, आणि प्रत्येक मजल्याला जिथे शाफ्ट स्लॅब ओलांडते तिथे फायर बॅरियर पाहिजे. बिल्डिंग १५ मीटरच्या वर गेली तर सप्लाय घ्यायच्या आधी विद्युत निरीक्षकाची मंजुरी लागते आणि तो हेच सगळं बघतो. तुमचं तळ अधिक तीन बहुतेक त्याखाली बसेल, तरी शाफ्ट तशीच बांधा. रुंदी चार ते पाच फूट, खोली दोन फूट, प्रत्येक मजल्यावर पूर्ण उघडणारा दरवाजा. ऑफिसला १० किलोवॅट थ्री फेज म्हणजे १५-१६ अँपिअर, त्याला चार कोअर १६ ची ॲल्युमिनियम आर्मर्ड पुरून उरते, तिथे मोठी केबल टाकून पैसे घालवू नका, तेच पैसे केबल ट्रे रुंद घेण्यात घाला.

प्रश्न : लातूरहून. स्लॅबमध्ये २५ एमएमचा पीव्हीसी पाईप टाकतोय. त्यात अडीचच्या किती वायर घालता येतील? वायरमन म्हणतो बारा-चौदा आरामात जातात. आणि स्लॅबचं काम चालू असताना आपण काय बघायचं असतं?

उत्तर : कागदावर तो जवळपास बरोबर आहे. पाईप आतून साधारण २१ मिमी, त्याच्या क्षेत्रफळाच्या ४० टक्क्यांपर्यंत वायर भरायची असा ठोकताळा, अडीच स्क्वेअर एमएमची वायर बाहेरून ३.७ मिमीच्या आसपास, भागाकार केला की बारा येतात. पण सरळ पाईपात बारा आणि दोन बेंड असलेल्या पाईपात बारा यात फरक आहे. ओढताना वायर एकमेकींत पिळतात, जोर लावला की बेंडवर इन्सुलेशन खरवडतं, ते दिसत नाही आणि तीन वर्षांनी पावसाळ्यात ट्रिप व्हायला लागतं. शिवाय एवढ्या वायर एकत्र तापल्या की प्रत्येकीची क्षमता घटते. मी सात-आठच्या वर जाऊ देत नाही. जास्त लागत असतील तर दुसरा पाईप टाका, स्लॅबच्या वेळी एक पाईप किती स्वस्त असतो बघा आणि नंतर भिंत फोडायला किती लागतात ते बघा.

कमर्शियलला पाईप मीडियम किंवा हेवी घ्या, लाईट घेतला तर व्हायब्रेटर आणि मजुरांच्या पायाखाली तो चपटा होतो. दोन बॉक्सच्या मधे ९० अंशाचे दोनच बेंड, तिसरा आला की मधे बॉक्स टाका. बाजारातले तयार शार्प एल्बो नको, स्प्रिंग घालून मोठ्या वळणाचा बेंड काढायला सांगा. पाईप खालच्या आणि वरच्या सळ्यांच्या मधे राहिला पाहिजे, शटरिंगच्या फळीला टेकलेला नको. एकाच जागेवरून दहा-बारा पाईप एकत्र नेऊ नका, डीबीच्या (वीज वाटणाऱ्या बोर्डाच्या) वर हे हमखास होतं, तिथे काँक्रीट उतरतच नाही आणि स्लॅब कमजोर होतो. आरसीसीवाल्या इंजिनियरला दाखवल्याशिवाय बीममधून काहीही आरपार नेऊ नका. पाईपाला सळीशी बांधायचं, प्रत्येक जोडाला सोल्युशन लावायचं, नुसतं खुपसलं तर सिमेंटचं पाणी आत जातं आणि पाईप कायमचा बंद.

स्लॅबच्या दिवशी तुमचा वायरमन तिथे हजर पाहिजे, काँक्रीट पडत असताना, चहाच्या टपरीवर नाही. आणि शटरिंग काढल्याबरोबर प्रत्येक पाईपातून स्टीलची तार घालून बघायची, बंद निघालेला पाईप त्याच आठवड्यात कळला तर त्याच काँट्रॅक्टरकडून काम करून घेता येतं.

प्रश्न : चाकणजवळ आमचं गोडाऊन आणि पॅकिंग युनिट आहे. मीटर गेटपाशी, तिथून मागचा शेड १२० मीटर. लोड ६० किलोवॅट. काँट्रॅक्टरने ५० ची केबल कोट केलीये, दुसऱ्याने ९५ ची, किमतीत बराच फरक. पहिला म्हणतो ५० करंट घेते, ९५ म्हणजे फसवणूक. खरं काय?

उत्तर : दोघंही आपापल्या जागी खरं बोलतायत, पहिला फक्त अर्धंच बोलतोय. ६० किलोवॅटला पॉवर फॅक्टर ०.८५ धरला तर ९८ अँपिअर. ५० ची ॲल्युमिनियम केबल एवढा करंट कशीबशी घेईल. पण १२० मीटर लांबीवर व्होल्टेज किती पडतं ते त्याने काढलेलं नाही. ५० च्या केबलचा रेझिस्टन्स २० अंशाला ०.६४१ ओहम प्रति किलोमीटर, गरम झाल्यावर ०.८२, त्याने साधारण १५ व्होल्ट पडतात, म्हणजे ३.६ टक्के. ७० ची घेतली तर साडेदहा व्होल्ट, २.६ टक्के. ९५ ची घेतली तर ८ व्होल्ट, दोन टक्क्यांच्या आत. आयएस ७३२ या वायरिंगच्या भारतीय मानकात मर्यादा मूळ जोडणीपासून शेवटच्या पॉइंटपर्यंतची आहे, लाईटला ३ टक्के आणि बाकीला ५. ५० च्या केबलने लाईटची मर्यादा शेडच्या दारातच संपली, आतल्या वायरिंगला काही शिल्लकच नाही. मोटर सुरू होताना कित्येक पट करंट घेते, तेव्हा हाच ड्रॉप त्या पटीत वाढतो आणि कॉन्टॅक्टर (मोटरचा चुंबकी स्विच) फडफडतो.

नुकसानाचा हिशेब पण बघा. पूर्ण लोडला ५० ची केबल २.८ किलोवॅट नुसती उष्णतेत घालवते, ९५ ची १.४. दिवसाला ८ तास, वर्षाला ३०० दिवस पूर्ण लोड चालला तर फरक ३,४०० युनिटच्या आसपास, युनिटला १० रुपये धरले तरी वर्षाला ३४ हजार. तुमचा लोड सरासरी अर्धाच असेल तर हे पाव होतं, साडेआठ हजार. म्हणजे घाईने ९५ घ्या असं मी म्हणत नाही, तुमचं युनिट किती तास पूर्ण चालतं ते तुम्हालाच माहीत. पण ५० नाही. ७० आणि ९५ मधून निवडा, आणि कुठलीही घेतली तरी पाईप १०३ चाच टाका.

प्रश्न : बाणेरला आमचं आयटी ऑफिस आहे, दुसरा मजला पूर्ण. तिन्ही फेजवर लोड जवळजवळ सारखा, तरी पॅनलमध्ये न्यूट्रलची लिंक (जोडपट्टी) तापून काळी पडली. इलेक्ट्रिशियनने दोनदा घट्ट केली, परत तेच. बॅलन्स लोडला न्यूट्रलमधून करंट जातोच कसा?

उत्तर : शाळेत शिकवतात की तिन्ही फेज सारखे असले की न्यूट्रल शून्य, ते हीटर आणि जुन्या बल्बसाठी खरं आहे. कॉम्प्युटरचे पॉवर सप्लाय, एलईडीचे ड्रायव्हर, यूपीएस हे करंट सलग घेत नाहीत, तुकड्यातुकड्याने ओढतात, त्यातून ५० हर्ट्झच्या तिप्पट म्हणजे १५० हर्ट्झचा करंट तयार होतो. बाकीचे करंट न्यूट्रलमध्ये एकमेकांना खातात, हा तिसरा हार्मोनिक मात्र तिन्ही फेजवर एकाच वेळी एकाच दिशेला असतो म्हणून न्यूट्रलमध्ये त्याची बेरीज होते. लोड नुसताच इलेक्ट्रॉनिक असेल तर न्यूट्रलमधला करंट फेजपेक्षाही जास्त होऊ शकतो.

आता तुमची केबल बघा, बहुतेक साडेतीन कोअर निघेल. त्यातला "अर्धा" म्हणजे न्यूट्रल, १८५ च्या केबलला ९५ चा, ३०० ला १५० चा. म्हणजे जिथे जास्त करंट तिथे अर्धं तांबं नाहीतर अर्धं ॲल्युमिनियम. आणि थ्री पोल एमसीसीबीला न्यूट्रल दिसतच नाही, तो कितीही तापला तरी ट्रिप होणार नाही. लिंक घट्ट करून उपयोग नाही, ती तापून परत ढिली होणारच. आणि ती पूर्ण सुटली तर जास्त लोड असलेल्या फेजवर व्होल्टेज खाली आणि कमी लोडवाल्या फेजवर ३००-३५० पर्यंत वर, एका झटक्यात तुमचे सर्व्हरचे पॉवर सप्लाय जातील, म्हणून हे पुढे ढकलू नका.

आधी मोजा. ट्रू आरएमएस क्लॅम्प मीटरने मोजा, साधा क्लॅम्प अशा करंटला बराच कमी दाखवतो आणि म्हणूनच तुमच्या इलेक्ट्रिशियनला काही सापडलं नसेल. भर दुपारी, सगळे कामावर असताना. न्यूट्रलचा आकडा केबलच्या न्यूट्रल कोअरच्या क्षमतेजवळ असेल तर शटडाउन घेऊन चार कोअरची, पूर्ण न्यूट्रलची केबल टाका, लिंक आणि बसबारसुद्धा (पॅनलमधल्या जाड पट्ट्या) तेवढ्याच साईजचे. तोपर्यंत यूपीएसवरचा काही लोड कमी करता आला तर करा. नवीन बिल्डिंगमध्ये ऑफिसचे फीडर पहिल्यापासूनच चार कोअर घ्या. शाफ्टमध्ये रिकामी जागा असेल तर तुमचं काम एका रविवारी होईल, नसेल तर बिल्डरला विचारा ट्रे कुठून नेता येईल आणि सोसायटीची परवानगी लेखी घ्या.

प्रश्न : मडगाव, गोवा. समुद्रापासून फार लांब नाही. पार्किंगमध्ये उघड्यावर कंड्युट (वायरचा पाईप) न्यायचाय, जीआय (गॅल्वनाइझ्ड लोखंडी) की पीव्हीसी?

उत्तर : खाऱ्या हवेत जीआयचा गॅल्वनाइझिंगचा थर कापलेल्या टोकांना आणि आटे पाडलेल्या जागी आधी जातो, दोन-तीन पावसाळ्यांत गंज उतरून खालची फरशी लाल. भिंतीवर वरच्या बाजूला हेवी पीव्हीसी, पण ऊन थेट पडत असेल तर यूव्हीला टिकणारा आहे का ते लिहून घ्या, साधा ठिसूळ होतो. जमिनीपासून माणसाच्या उंचीपर्यंत, जिथे गाडी धडकेल तिथे आर्मर्ड केबलच घ्या आणि पुढे लोखंडी बोलार्ड (आडवा येणारा छोटा खांब). सॅडल आणि स्क्रू स्टेनलेस ३१६ चे, ३०४ ला तिथे डाग पडतात. बॉक्स पॉलिकार्बोनेटचे, ग्लँड (केबल बॉक्समध्ये शिरते तो घट्ट जोड) खालून, वरून कधीच नाही.